हाताला न लागणारी वस्तू

हात लावल्याशिवाय भाऊ कोणत्याही वस्तूला ‘हाये’ म्हणत नसत. खुर्ची असली तर खुर्चीच्या पाठीवर, कपाट असलं तर कपाटाच्या दारावर उजव्या हाताचा तळवा टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, “हाये.” मग मी यादीत बरोबरची खूण करायची. ऑडिटला गेलेला माणूस वस्तू बघतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण बरेच जण दारातूनच बघतात, चहा पितात आणि सही करतात. भाऊंना ते जमत नसे.

एका राईस मिलमध्ये त्यांनी चालू बॉयलरला हात लावला. मालक ओरडला तोवर उशीर झाला होता. भाऊंनी बोटं झटकली, त्यांवर फुंकर घातली आणि मला म्हणाले, “हाये. लिव.” एका डेअरीत बावीस म्हशी होत्या. एकविसावीने लाथ मारली. भाऊ लंगडत बाविसावीकडे गेले.

चंद्रपूरला सरांचं सीएचं ऑफिस होतं. मी तिथे शिकायला लागले तेव्हा भाऊंना त्या ऑफिसात तीस वर्षं होत आली होती. सीएच्या परीक्षेचा शेवटचा ग्रुप राहिला तो राहिलाच, त्यामुळे सही सरांची असे आणि काम भाऊंचं. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, टेबलाच्या काचेखाली दीक्षाभूमीचं एक जुनं पोस्टकार्ड. गाव वडशाजवळचं. घरी एकटेच राहत, एवढंच मला ठाऊक होतं. मी भद्रावतीहून रोज एसटीने यायचे, दहा मिनिटं उशिरा पोचायचे आणि रोज नवं कारण सांगायचे. भाऊ ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “बस येते तवाच येते. मले काऊन सांगतेस?”

सरांच्या एका नागपूरच्या मित्राकडून आमच्याकडे परदेशातलं काम येऊ लागलं आणि भाऊंची पंचाईत झाली. एक मोठी कंपनी होती. तिने एका साबणाचं नाव विकत घेतलं होतं. साबण नव्हे, कारखाना नव्हे, फक्त नाव. त्या कंपनीच्या शाखा जपानात, युरोपात आणि अमेरिकेत होत्या, आणि ते एकच नाव तिन्ही ठिकाणच्या वह्यांत वेगवेगळं लिहायचं होतं. आम्हाला तीन रकाने जुळवून द्यायचे होते.

भाऊंनी कागद उलटसुलट करून पाहिला. “अन् हात कुठी लावू?” त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती.

मी इंग्रजी नियम वाचायचे आणि भाऊ ते आपल्या भाषेत आणायचे. जपानात विकत घेतलेलं नाव दरवर्षी थोडं थोडं झिजवायचं, ठरलेल्या वर्षांत संपवून टाकायचं. अमेरिकेत आणि युरोपात ज्या नावाचं आयुष्य सांगता येत नाही ते झिजवत नाहीत. त्याची दरवर्षी परीक्षा घ्यायची, अजून कमावतं आहे का ते बघायचं. भाऊ म्हणाले, “म्हणजे जपानवाले रोज थोडं रडून मोकळे होतेत. अन् हे लोक सालातून एकदा नाडी पाहतेत.” आयुष्याच्या रकान्यात मी ‘अमर’ या अर्थाचा शब्द टाकला, तर त्यांनी तो खोडला. “अनिश्चित लिव. अनिश्चित म्हणजे अमर नाई. कवा मरन ते मालूम नाई, एवढंच.”

एका नियमावर तिन्ही ठिकाणचं एकमत होतं. आपणच कमावलेलं नाव आपल्या वहीत लिहायचं नाही. त्याची किंमत शून्य. दुसऱ्याने पैसे मोजून घेतलं की मगच ते वहीत येतं. भाऊंनी मला हा नियम दोनदा वाचायला लावला.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि मला अजून तो आठवतो, कारण विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

“नाव मेलं म्हणून लिवून टाकलं. अन् मंग जित्तं निघालं तं?”

मी नियम शोधला. अमेरिकेत एकदा मेलं म्हणून लिहिलं की संपलं, परत उठवता येत नाही. युरोपात मात्र अशा नावाची किंमत पुन्हा वाढली तर परत लिहिता येते. संध्याकाळी डबा पिशवीत घालताना भाऊ म्हणाले, “युरोपवाले लोक बरे हायेत.” मला हसू आलं. मी ते घरी सांगितलं आणि सगळ्यांना हसवलंही.

त्याच वर्षी हिवाळ्यात आम्ही कुरखेड्याकडच्या एका राईस मिलमध्ये धानाची पोती मोजत होतो. दुपारची वेळ, हवेत सगळीकडे कोंडा. भाऊ एकेका पोत्यावर तळवा ठेवत चालले होते आणि मी मागून आकडा लिहीत होते. दोनशे चाळीसच्या पुढे गेलो असू. एवढ्यात रस्त्यावरून भोंग्यातून एका बाईचा आवाज आला. झाडीपट्टीत, आमच्या या धानाच्या मुलखात, हिवाळ्यात मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, मंडईत नाटक लागतं आणि आदल्या दिवशी नाटक कंपनीची जीप भोंगा लावून गावोगाव फिरते, यात नवल काही नव्हतं. पण तो आवाज वेगळा होता. त्यात ओरडणं नव्हतं. शेजारीण कुंपणावरून बोलावते तसं ती बोलत होती.

“नमस्कार जी मायबाप. मी येऊन राह्यली तुमच्या गावात. उद्या या. लेकरंबाकरं घेऊन या. सतरंजी आपली आपली आणा, मागच्या साली आमच्या दोन गेल्या.”

मी खुदकन हसले. भाऊंचा हात पोत्यावरच होता. जीप लांब गेली, आवाज बारीक झाला, संपला, तरी हात तिथेच. मी विचारलं, किती झाले? भाऊ मोजणी चुकत नसत. त्या दिवशी चुकले.

“एकपासून घेऊ,” ते म्हणाले, आणि दोनशे चाळीस पोती आम्ही पुन्हा मोजली. मला राग आला होता, तो मी लपवला नाही. ती बाई कोण, असं मी वाटेत विचारलं. भाऊ म्हणाले, “हाये एक.”

ती कोण ते मला सरांनी सांगितलं. ती भाऊंची बायको. वडशाची नाटक कंपनी तिनेच उभी केलेली, कंपनीला नावही तिचंच. हजारो माणसांना रडवणारी बाई, आणि सगळे तिला नुसतं ‘बाई’ म्हणत. एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. कंपनी तिचा सख्खा भाऊ चालवत होता. जाहिरात मात्र जुन्या रेकॉर्डिंगवर तिच्याच आवाजात चालू होती.

त्यानंतर मी भाऊंकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. हिवाळ्यात ज्या रस्त्याला काम असेल त्या रस्त्याला ती बाई भेटण्याची शक्यता होती. कधी आरमोरीच्या चौकात, कधी बंद काचेच्या एसटीबाहेर. मेलेली बायको ‘मी येऊन राह्यली’ म्हणत समोरून जायची आणि भाऊ मांडीवर फाईल ठेवून बसलेले असायचे. त्यांचं काय होत असेल ते मी विचारू शकले नाही. आज विचारलं असतं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी बाईंचा भाऊ ऑफिसात आला. कंपनीतले सगळे त्याला मामा म्हणत, मीही मामाच म्हणू लागले. मामांचे गुडघे गेले होते, नाटकाचे दौरे झेपत नव्हते. नागपूरच्या एका शेठने कंपनी विकत घ्यायची तयारी दाखवली होती. तंबू, पडदे, दिवे, गाडी आणि नाव. सामान जुनं झालेलं, त्याचे फार मिळणार नव्हते. खरी रक्कम नावाची होती. त्या रकमेवर मामांचं म्हातारपण निघणार होतं. पण नाव बाईंचं, म्हणून सही भाऊंची लागणार होती. शिवाय शेठला लेखी पाहिजे होतं की या नावावर बुकिंग येतं.

आम्ही वडशाला गेलो. भाऊंनी सगळं सामान रीतीप्रमाणे तपासलं. जरीचा पडदा, हाये. पेटी, हाये. मुकुटांची ट्रंक, हाये. एका ट्रंकेत बाईंच्या साड्या होत्या. त्यांवर तळवा ठेवून भाऊ नेहमीइतकेच थांबले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “हाये.” बाहेर जीप उभी होती, टपावर भोंगा. यादीत तो शेवटून दुसरा होता. मी पेन उघडून उभी राहिले. भाऊ म्हणाले, “ते राहू दे.” सर्वांत खाली ‘नाव’ लिहिलेलं होतं. तेही राहिलं.

परत आत आल्यावर त्यांनी मामांना सांगितलं की लेखी देणार नाही. मामांना आधी कळेचना. चार वर्षं बुकिंगच्या दिवसांत भाऊ रजा काढून वडशाला येत आणि कंपनीच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या बाकावर दिवसभर बसत. गावोगावचे लोक येत आणि हटकून विचारत, ‘बाई येतेत ना?’ मामा म्हणत, कंपनी येते. लोक आगाऊ रक्कम देऊन जात. किती जणांनी बाईंना विचारलं ते भाऊ एका छोट्या डायरीत लिहून ठेवत. चार वर्षांत आकडा कमी झाला नव्हता.

“हे लोक मेलेल्या बाईचं बुकिंग करून राह्यले,” भाऊ म्हणाले. “त्याइले मालूम नाई म्हणून करून राह्यले. म्हणजे नाव जित्तं नाई. आपण फसवून राह्यलो. अन् मी चार सालं इथी बसून ते पाह्यलं.”

मामा हळू आवाजात म्हणाले की आता खरं सांगितलं तर बुकिंग तुटेल, सौदा मोडेल, आणि आपल्या हाती नुसत्या चिंध्या उरतील. भाऊ म्हणाले, माहीत आहे. दोघंही खोटे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. एकाचं म्हातारपण अडकलं होतं. दुसऱ्याला बायकोच्या नावापुढे स्वतःच्या हाताने संपलं असं लिहावं लागणार होतं, अमेरिकेतल्यासारखं, एकदाच.

दिवाळी झाली आणि बुकिंग सुरू झालं. भाऊंनी मला सोबत नेलं. काम एवढंच की कोणी बाईंना विचारलं, त्याला खरं सांगितल्यावर तो राहिला का गेला, हे लिहायचं. वडशाला तेव्हा एका ओळीत कंपन्यांची ऑफिसं उघडतात, प्रत्येकावर नटनट्यांचे मोठे फलक. आमच्या फलकावर फक्त नाव होतं.

अकराच्या सुमारास एका मोटरसायकलवरून तिघं आले. त्यांच्यातल्या वयस्काने गमछ्याने तोंड पुसलं, तारीख सांगितली आणि विचारलं, “बाई येतेत ना?”

मामांनी मान खाली घातली. भाऊ बाकावरून उठले. हात जोडले.

“बाई वारल्या जी,” ते म्हणाले. “चार सालं झाले. मी तिचा नवरा हावो. आमी सांगितलं नाई, चुकलं आमचं.”

तो माणूस भाऊंकडे बघतच राहिला. मग त्याने भाऊंचे जोडलेले हात धरून खाली केले.

“मालूम हाये ना भाऊ. आमच्या गावातून दोन टॅक्टर भरून लोक आल्ते मयतीले. मी तुमच्या बाजूलेच उभा होतो. तुमी कोणाकडं पाहत नोहते.”

भाऊंनी विचारलं, मग दर वर्षी काऊन विचारता?

“आवाज येते ना, त्याचं इचारतो. आवाज फिरला म्हणजे बाई आली, अन् बाई आली म्हणजे आमची मंडई लागली. मागच्या साली शेजारच्या गावानं दुसरी कंपनी आणली. भोंग्यावर कोणी पोट्टा बोंबलत होता. म्हाताऱ्या बाया घरून निघाल्याच नाई.” मग तो मामांकडे वळला. “आवाज येत असन तं लिवा आमची तारीख.”

मामांनी तारीख लिहिली. मी माझ्या कागदाकडे बघत होते. त्याच्यासाठी मी रकानाच आखला नव्हता.

सगळेच असे नव्हते. दोघांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांतला एक हळहळला आणि तरी बुकिंग करून गेला. दुसरा गावात विचारून येतो म्हणाला, तो आला नाही. बाकी सगळ्यांना माहीत होतं. दिवसभर तेच. एका म्हाताऱ्याने तर भाऊंनाच समजावलं की असं मनाला लावून घेऊ नका. चार वर्षं हा माणूस त्या बाकावर बसून लोकांना फसवत असल्याचं दुःख एकटाच करत होता, आणि ते सगळे त्याच्याच दुःखात सामील होते. त्यांच्यातल्या कोणालाही त्याने कधी विचारलं नाही. विचारणार कसा? हात लावून बघायची सवय.

संध्याकाळी भाऊ बाहेर जाऊन जीपजवळ उभे राहिले. मी आतून बघत होते. ते रडत होते. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि भोंग्याकडे बघत होते. हात मात्र लावला नाही.

भाऊंनी लेखी दिलं आणि सौदा झाला. शेठला नाव पाहिजे होतं, आवाज नको होता. नवीन पोरीकडून नवीन जाहिरात करून घेऊ म्हणाला. भाऊंनी सांगितलं की मग सही नाही. नाव आणि आवाज एकत्र जातील, आवाज बंद झाला तर नाव परत येईल. मामांचा जीव टांगणीला लागला. शेठने दोन दिवस घेतले आणि कबूल केलं, कारण बुकिंगचं रजिस्टर त्याने पाहिलं होतं. करार मी टाइप केला. त्यात भाऊंनी एक ओळ हाताने लिहून घातली: रेकॉर्डिंग काटछाट न करता शेवटपर्यंत वाजवावे. ‘शेवटपर्यंत’ कशाला, असं मी विचारलं. भाऊ म्हणाले, “लिव तू.”

असं बाईंचं नाव पहिल्यांदा कोणाच्या तरी वहीत आलं. शेठच्या हिशोबनिसाने आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याचं आयुष्य दहा वर्षं धरलं. दरवर्षी दहावा भाग कमी. भाऊंनी त्याला फोन केला आणि एवढंच मागितलं की दहा वर्षांनी शून्य करू नका, एक रुपया ठेवा. आपल्याकडे झिजून संपलेल्या यंत्रालाही लोक वहीत एक रुपया ठेवतात, म्हणजे वस्तू आहे हे विसरायला होत नाही. तो हो म्हणाला. फोन ठेवून भाऊ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आता ते मले वहीत पाहाले नाई लागत.”

पुढे मी पास झाले, चंद्रपूरलाच स्वतःचं छोटं ऑफिस टाकलं. पास झाल्याचे पेढे घेऊन गेले तेव्हा भाऊंनी माझ्या डोक्यावर तळवा ठेवला. नेहमीइतकेच थांबले. सौद्याच्या सातव्या वर्षी उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मला कळलं ते तीन दिवसांनी. मी मयतीलाही नव्हते. त्या टॅक्टरवाल्या गावापेक्षा मी लांबची निघाले, हे मला अजून लागतं.

यंदाचा मार्च सरला तसं शेठच्या वहीतलं दहावं वर्ष संपलं. त्याच्या हिशोबनिसाला मी मुद्दाम विचारलं. एक रुपया ठेवला आहे.

आणि परवा, मंडईच्या दिवसांत, मी त्याच कुरखेड्याच्या मिलमध्ये पोती मोजत होते. माझा हाताखालचा मुलगा दारातूनच मोजू म्हणाला होता, त्याला मी गप्प केलं होतं. दुपारी रस्त्यावरून तो आवाज आला. नमस्कार जी मायबाप. मी येऊन राह्यली. मी हसायची तयारी केली, सतरंज्यांसाठी. दर वेळी जीप पुढे निघून जाते आणि शेवट कधी कानावर येत नाही. परवा ड्रायव्हर मिलच्या फाटकाशी चहाला थांबला आणि भोंगा चालूच राहिला.

सतरंज्या झाल्या. तिकिटाचं झालं. मग ती थांबली. घरातलं एखादं भांडं वाजल्यासारखं झालं. आणि तिने वेगळ्याच, साध्या आवाजात कोणाला तरी विचारलं, “आवाज हाये का जी?”

थोडी शांतता. नेहमीइतकीच. मग लांबून, तरुण, पण भाऊंचाच आवाज आला.

“हाये.”

भोंग्यात खरखर झाली आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली, नमस्कार जी मायबाप. ड्रायव्हरने चहा संपवला, जीप चालू केली. मुलगा मला विचारत होता, मॅडम, किती झाले? मला आठवेना. मी त्याला कागद उलटायला सांगितलं, पहिल्या पोत्यापाशी परत गेले आणि त्याच्यावर तळवा ठेवला.